बीबीसी मायक्रोच्या पोटात कार्ड घालण्याआधी

बीबीसी मायक्रो या जुन्या कॉम्प्युटरमध्ये फ्लॉपीऐवजी एसडी मेमरी कार्ड बसवायचं काम अर्ध्या तासाचं. तयारीत मात्र माझे तीन रविवार गेले, आणि त्यातल्या दुसऱ्या रविवारी घरभर असा जळका वास सुटला की शेजारच्या काकू आमचा गॅस बघायला आल्या. ज्यांच्या माळ्यावर एखादा बीबीसी मायक्रो पडून आहे त्यांनी आधी हे वाचावं, मग स्क्रू-ड्रायव्हर शोधावा.

माझं यंत्र एका शाळेच्या भंगारातून आलं. १९८४ साली सरकारच्या 'क्लास' योजनेत इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे हे कॉम्प्युटर आपल्याकडच्या शाळांत आले. ३२ केबी मेमरी, २ मेगाहर्ट्झवर चालणारा ६५०२ प्रोसेसर. याला ना मराठी येते ना कन्नड, त्यामुळे आमच्या बेळगाव भागात याच्यावरून कधी वाद झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. सोबत सव्वापाच इंची फ्लॉप्यांचा खोका मिळाला. उघडला तर प्रत्येक तबकडीवर पांढरे ठिपके. बुरशी. खानापूरच्या बाजूला जूनपासून भिंतींना ओल सुटते, तिथं फ्लॉपीचं काय घेऊन बसलात! आत कार्ड घालायचं ते हौस म्हणून नव्हे, एवढ्यासाठी.

तेव्हा पहिली तयारी मुहूर्ताची. पावसाळ्यात नको, आणि एप्रिल-मेच्या वळवातही नको. वीज कडाडली की लाइट जाते आणि येताना किती व्होल्ट घेऊन येईल याचा भरवसा नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी. फक्त त्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून चिपला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करायचा आणि नायलॉनचा स्वेटर काढून ठेवायचा.

दुसरी तयारी पॉवर सप्लायची, आणि इथं घाई करू नका. शहापूरला एक जुने टीव्ही मेकॅनिक आहेत, त्यांना मी कौतुकानं कार्ड दाखवायला गेलो. त्यांनी कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "सर, नवं काय बसवायच्या आधी जुनं काय जळणार हाय ते बघा की." मी हसून घरी आलो आणि यंत्र चालू केलं. वीसेक मिनिटांत मागच्या जाळीतून धूर. मजा अशी की धूर निघत असताना यंत्र व्यवस्थित चालू होतं, पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. मेन्स येते तिथं विजेचा गोंगाट गाळायला दोन कपॅसिटर असतात, पिवळसर पारदर्शक कवचाचे. चाळीस वर्षांत त्या कवचाला केसासारख्या भेगा पडतात, आत दमट हवा शिरते आणि एक दिवस ते फुटतात. ही वयाची गोष्ट आहे. दोष माझा, मी ऐकलं नाही. एक ०.१ मायक्रोफॅरडचा, दुसरा ०.०१ चा. नवे घेताना एक्स-टू वर्गाचेच, म्हणजे थेट मेन्सवर जोडायला बनवलेले, मागा. दुकानदार "हेच चालतंय की" म्हणून साधा देईल, तो घेऊ नका. शेजारचा २२० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही त्याच फेरीत बदलून टाकावा. पिन काढल्यावरही आत करंट साठून राहतो, म्हणून पॉवर सप्लायचा डबा रात्रभर तसाच ठेवायचा. मेन्सच्या कामाची सवय नसेल तर सरळ मेकॅनिककडे. परत जोडल्यावर मल्टिमीटरनं लाल-काळ्या तारांत ५ व्होल्ट आहेत का बघा, जांभळ्या तारेवर उणे ५.

मग यंत्र आहे तसं चालतंय ना, ते पाहा. चालू केल्यावर 'बू-बीप' असे दोन सूर यायला हवेत. नुसतं लांबलचक 'बू' आलं तर दुखणं वेगळं आहे, आणि ते बरं होईपर्यंत कार्डाचा विषयच काढू नका.

सामान तसं थोडं. यूजर पोर्टला (बाहेरची उपकरणं जोडायच्या खालच्या जागेला) लागणारी कार्ड खोचायची छोटी पाटी, वीस तारांची रिबन, एमएमएफएस (कार्डावरच्या फ्लॉप्या वाचणारा प्रोग्राम) भरलेली रॉम चिप आणि कार्ड. बेळगावात रिबन मिळाली, रॉम चिप मिळाली नाही. एक मित्र राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरूला निघाला होता, त्याला एसपी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणायची यादी दिली. पाटी घेताना एकच प्रश्न विचारा: व्होल्टेज उतरवायची सोय आहे का? यंत्राचा पोर्ट ५ व्होल्टचा, एसडी कार्ड ३.३ चं. चिपला काचेची खिडकी असेल तर त्यावर अपारदर्शक लेबल चिकटवा, उन्हातल्या अतिनील किरणांनी आतला मजकूर पुसला जातो.

कार्डासाठी पैसे घालवू नका. अख्ख्या संग्रहाची एकच फाइल असते, बीब डॉट एमएमबी. तीत २०० केबीच्या ५११ फ्लॉप्या, म्हणजे जेमतेम १०० एमबी. मोबाईलच्या दुकानात ड्रॉवरच्या तळाशी पडलेलं २ जीबीचं कार्ड रग्गड. फॅट पद्धतीनं नव्यानं फॉरमॅट करायचं आणि सगळ्यात आधी हीच फाइल कॉपी करायची. ती कार्डावर सलग पडायला हवी, तुकडे झाले की यंत्राला सापडत नाही.

उघडण्याच्या दिवशी टेबलावर जुनी चादर आणि कुंद्याचा रिकामा डबा. झाकणाचे चार स्क्रू, दोन मागं, दोन खाली. शेजारी 'फिक्स' असं छापलेलंच असतं. प्रत्येक टप्प्याला फोटो. रॉमचे सॉकेट कीबोर्डखाली उजवीकडे, त्यामुळे कीबोर्डचे बोल्ट काढून तो पुढं सरकवावा लागतो. नव्या चिपचे पाय बाहेर फाकलेले असतात. टेबलावर टेकवून हलकेच सरळ करून घ्या, नाहीतर दाबताना एखादा पाय पोटाखाली दुमडतो आणि तुम्ही तासभर कार्डाला शिव्या देत बसता. चिपच्या टोकाची खाच शेजारच्या चिपच्या खाचेकडे बघून लावायची. जुनी डीएफएस चिप (फ्लॉपी चालवणारी) असेल तर नवी तिच्या उजवीकडे बसवा, उजवीकडच्या सॉकेटचा मान आधी.

कुठलंही भोक नव्यानं पाडायचं नाही, हा माझा हट्ट. कीबोर्डच्या डावीकडे एक चौकोनी खाचा असतो, त्याला हौशी लोक ॲश-ट्रे म्हणतात. माझ्या यंत्रात तो झाकणारा प्लास्टिकचा तुकडा शाळेतल्या पोरांनी कधीच आत ढकलला होता, कार्डाची फट आयती तिथं बसली. रिबन इंचभर रुंद. खालच्या पोर्टातून निघून कव्हरच्या जोडातून आत घेतली. झाकण त्या बाजूला केसभर वर राहतं. मला चालतं.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. एमएमएफएस ३२ केबीतून २८१६ बाइट्स स्वतःसाठी घेते, त्यामुळे कॅसेटवरून चालणारे काही मोठे खेळ थेट उतरणार नाहीत.

स्क्रू आवळण्याआधीच चालू करून 'स्टार-हेल्प' (*HELP) टाइप करा. यादीत एमएमएफएस दिसलं की 'स्टार-डीकॅट' (*DCAT), मग फ्लॉप्यांची नावं सरसर वर सरकतात. काढलेल्या चिपा, जुने कपॅसिटर आणि कुठली चिप कुठून काढली त्याची चिठ्ठी मी कुंद्याच्या त्याच डब्यात ठेवली आहे, डबा यंत्राशेजारीच.