डिझेल गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड कसा साफ करावा आणि तपासावा

गाडी चढाला ओढत नाही, काळा धूर मारते आणि एअर फिल्टर बदलूनही फरक पडत नाही, तेव्हा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग, खोलून बघा. ईजीआर व्हॉल्व्हमधून (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) येणारी काजळी आणि क्रँककेसमधली (इंजिनचा खालचा, क्रँकशाफ्टचा भाग) ऑइलची वाफ इथे एकत्र होतात. त्यांचा डांबरासारखा थर चढत जातो आणि हवेची वाट अरुंद होते.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सेन्सरचे सॉकेट आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या. बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडेथोडे सैल करा. मॅनिफोल्ड निघाला की लगेच हेडची (सिलिंडरवरच्या झाकणाची) तोंडं स्वच्छ फडक्यांनी बंद करा. तिथे पडलेला वॉशर सिलिंडरमध्ये जाऊ शकतो.

अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड रात्रभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजत ठेवा, मग लाकडी पट्टी आणि नायलॉनच्या ब्रशने मळी काढा. कॉस्टिक सोडा अजिबात नको, तो अॅल्युमिनियम खातो. प्लॅस्टिकचा असेल तर साबणाचं कोमट पाणी बरं. प्रेशर सेन्सर आधीच वेगळा काढून ठेवा, त्याच्या टोकाला ब्रश लावू नका.

आता वाळवणं, आणि इथे घाई नको. आतल्या खोबणीत राहिलेलं रॉकेल डिझेल इंजिनला इंधनच वाटतं. ते हवेबरोबर आत गेलं की चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, कॉम्प्रेसरची हवा मारा, उन्हात ठेवा आणि आत पांढरं फडकं फिरवा. ते ओलं किंवा तेलकट निघालं, तर पुन्हा धुवा.

स्वच्छ झाल्यावरच तपासणीला अर्थ आहे. हेडला चिकटणाऱ्या सपाट बाजूवर स्टीलची सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवा आणि खाली फीलर गेजची (फट मोजायची, ठरावीक जाडीची) पाती सरकवून बघा. किती फट चालते ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. त्याहून जाड पातं आत गेलं, तर भाग वाकलेला आहे. बोल्टच्या भोकांपाशी तडे शोधा. स्वर्ल फ्लॅप (हवेला घुमाव देणाऱ्या आतल्या झडपा) असतील तर दांडी हलवून बघा, कारण तुटलेला तुकडा इंजिनातच जातो. आत तेलाचा हलका ओलावा चालतो, तेल साचलेलं असेल तर ब्रीदर (क्रँककेसची वाफ बाहेर नेणारी वाट) आणि टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) तपासा.

पॅकिंग नवीनच घाला. बोल्ट आधी हाताने फिरवून बसवा, मग मध्यातून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने (किती जोर लागतो ते दाखवणारा पाना) आवळा. जोर जास्त झाला तर हेडचे आटे जातात. गाडी चालू करून जोडांपाशी फुसफुस येते का ते ऐका. ईजीआर व्हॉल्व्ह उघडाच अडकत असेल तर तोही याच खेपेला साफ करा किंवा बदला.