वाढदिवसाची वात्रटिका कुठे फसते? गायक-संगीतकारांवर लिहिताना या चुका टाळा

आमच्या गाण्याच्या वर्गाबाहेर एक फळा आहे. महिन्यातून दोन-तीनदा त्यावर कुणा गायकावर, वादकावर किंवा संगीतकारावर चार ओळींची वाढदिवसाची वात्रटिका खडूने लिहायची, हे काम कसं कोण जाणे माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या वर्षी निम्म्या तरी फसल्या असतील. लोक वाचायचे, "छान" म्हणायचे आणि हसायचे मात्र नाहीत. वात्रटिकेला याहून वाईट काय व्हायचं?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कुणालाही चालेल अशी वात्रटिका. "सूर तुमचे गोड, गळ्याला नाही तोड" ही ओळ गायकाला चालते, गायिकेला चालते, गळपट्टे शिवणाऱ्यालाही चालेल. माझी कसोटी सोपी आहे: नाव खोडून दुसरं टाकून बघायचं. तरीही कविता बसत असेल तर फळा पुसायचा. त्यात नावात 'गंधर्व' असेल तर पुढे गर्व, सर्व, पर्व हे तिघे न बोलावता हजर होतात. बालगंधर्व (26 जून 1888), सवाई गंधर्व, कुमार गंधर्व (8 एप्रिल 1924), छोटा गंधर्व या सगळ्यांवर तीच कविता फिरवता येते आणि लोक ती फिरवतातही. ही सगळी लोकांनी दिलेली नावं. पाळण्यातली नावं नारायण राजहंस, रामभाऊ कुंदगोळकर, शिवपुत्र कोमकली आणि सौदागर गोरे. यमकासाठी आडनावाकडे गेलं की निदान गंधर्वांची अदलाबदल तरी होत नाही.

मग गंमत शोधायची कुठे? बऱ्याचदा ती तारखेतच पडलेली असते आणि आपण तीच तारीख न बघता पुढे जातो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 चा. त्यांनी रागांची वाटणी केली ती दहा थाटांत, म्हणजे दहा गटांत. शिवाय ते वकिली शिकलेले, काही काळ ती केलीही. एवढं हाताशी असताना "संगीताचे महान उपासक" लिहायची काय गरज?

तारीख दहा, थाटही दहा,
हिशेब पक्का वकिलांचा हा!
अकरावा जर सापडला तर
वाढदिवसही अकराला कर!

तारखेवर विनोद करायचा तर तारीख पक्की हवी, आणि जुन्या युरोपियन संगीतकारांच्या बाबतीत तिथेच पाय घसरतो. बेथोव्हेनचा बाप्तिस्मा 17 डिसेंबर 1770 ला बॉनमध्ये झाला, ही नोंद आहे. जन्माच्या दिवसाची नोंद नाही, 16 डिसेंबर हा अंदाज. बाखचा जन्म आयझेनाखमध्ये 21 मार्च 1685 चा, पण तो तिथल्या तेव्हाच्या ज्युलियन पंचांगाने. आजच्या पंचांगाने ती 31 मार्च होते. आपल्याकडे तिथी आणि तारीख यांवरून घरोघरी वाद होतात तसाच हा प्रकार. दोनपैकी कुठलीही घ्या, पण 21 ला लिहून 31 ला पुन्हा "आज बाख यांचा जन्मदिन" असं लिहू नका. मी लिहिलं होतं. एका विद्यार्थिनीने खाली बारीक अक्षरात "दहा दिवसांत पुन्हा जन्मले?" असं विचारलं. माझ्या वात्रटिकेपेक्षा तिचीच ओळ सरस होती.

या पंचांगांच्या घोळात एक खजिनाही आहे. ब्राम्स 7 मे 1833 चा आणि चायकोव्स्की 7 मे 1840 चा. चायकोव्स्कीची रशियन तारीख 25 एप्रिल होती, ती 12 दिवस पुढे सरकून नेमकी ब्राम्सच्या मांडीवर येऊन बसली. चायकोव्स्कीला ब्राम्सचं संगीत मुळीच रुचायचं नाही, डायरीत त्याने शेलक्या शब्दांत ते लिहूनही ठेवलंय. एकच केक आणि दोन सुऱ्या! इथे कवीने फक्त आडवं यायचं नाही. यमकाचं मात्र जपा. बाखला लाख मिळतो, चायकोव्स्कीला व्हिस्कीशिवाय कुणी उभं करत नाही. अशी नावं ओळीच्या मधे ढकलावीत.

आता मात्रा. खरी फजिती इथे होते, कारण ऐकणारे गाणारे असतात. भातखंड्यांवर माझी पहिली ओळ होती "दहा ऑगस्टला आले पंडित". मला ती झकास वाटत होती. आमच्या तबल्याच्या सरांनी मांडीवर ताल धरला आणि म्हणाले, "अहो, या दोन मात्रा कुठून आल्या?" मोजून पाहा: ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडला तर त्याच्याही दोन. नुसता 'ऑगस्ट' पाच मात्रा खातो, 'फेब्रुवारी' तर सात. ओळ भरली 18 मात्रांची. "तारीख दहा, थाटही दहा" मात्र आठ अधिक आठ, बरोबर 16, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. तेव्हापासून महिना मी मथळ्यात लिहितो, कवितेत आणत नाही. अक्षरं मोजून मात्रा जुळत नाहीत, हेही त्याच दिवशी कळलं.

इंग्रजीत एडमंड क्लेरिह्यू बेंटलीने शाळेत असताना चार ओळींचा एक प्रकार काढला, त्याच्या मधल्या नावानेच तो ओळखला जातो. पहिल्या ओळीत माणसाचं नाव, दोन-दोन ओळींची यमकं आणि ओळी मुद्दाम लांड्या-लांब. तिथे तो वाकडेपणाच गमतीचा भाग असतो. मराठीत तो तसाच आणून पाहिला. लोकांना वाटलं, याला छंद येत नाही.

थट्टा कशाची करायची, यातही लोक चुकतात. बेथोव्हेन म्हटलं की पहिल्यांदा त्याचं ऐकू न येणं आठवतं, आणि तेच टाळायचं. कुमारजींच्या क्षयाचंही तेच. त्यापेक्षा बेथोव्हेन कॉफीच्या प्रत्येक कपाला 60 बिया मोजून घ्यायचा, असं त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय, ते घ्या. खरं-खोटं चरित्रकार जाणे, पण थट्टा करायची ती हट्टाची, लकबीची, कामाच्या तऱ्हेची. दुखण्याची नाही.

आणखी एक नेहमीचा गोंधळ: माणूस हयात नसताना "शतायुषी व्हा". झाकीर हुसेन यांचा 9 मार्च आता जयंतीचा, डिसेंबर 2024 मध्ये ते गेले. मथळ्यात 'जयंती' लिहावं. कवितेत 'वाढदिवस' खपतो, केक थट्टेतलाच असतो.

हिशेबाची चूक सांगितल्याशिवाय राहवत नाही. इटालियन संगीतकार रॉसिनी 29 फेब्रुवारी 1792 चा, गेला नोव्हेंबर 1868 मध्ये, 76 वर्षांचा होऊन. चाराने भागून सगळे "19 वाढदिवस" लिहितात. पण 1800 हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे 1796 नंतर त्याची तारीख थेट 1804 मध्ये उगवली. म्हणजे 18. हा गडी खवय्या म्हणून प्रसिद्ध, आणि त्याच्या संगीताची ओळख म्हणजे हळू सुरू होऊन चढत चढत जाणारा गजर. दोन्ही एकत्र बांधले:

खाण्याचा हा मोठा भक्त,
वाढदिवस पण अठरा फक्त!
चढत चालली पोटी भूक,
चढत चालले सूर अचूक!

इथे ओळ 15 मात्रांची आहे, सोळावी श्वास घ्यायला. सरांनी ती मोजली आणि काही बोलले नाहीत.

लीप वर्ष नसलं की ही 28 फेब्रुवारीला लिहायची की 1 मार्चला, यावर वर्गात दोन तट आहेत. मी 28 ला संध्याकाळी लिहितो, 1 तारखेला सकाळी पुसतो आणि शेवटी कंसात टाकतो: केक 2028 मध्ये.