पावसाळ्यात जिगसॉ पझल लावताय? मग या चुका टाळा

मागच्या पावसात इथे गोव्यात मी हजार तुकड्यांचं पझल थेट डायनिंग टेबलावर मांडलं, मग चार दिवस सगळे मांडीवर ताट घेऊन जेवले आणि पाचव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगो, गणपतीची चवथ दारात आली, हे उचलतेस कधी?" उचलणार कसं, खाली काहीच नव्हतं. चादरीवर सरकवायला गेले नि अर्धं आकाश फुटलं.

तर आधी खाली फळी घ्या. हजार तुकड्यांचं पझल साधारण ७० बाय ५० सेंटीमीटर भरतं, म्हणजे ८० बाय ६० चा प्लायचा तुकडा बास, सुताराकडे उरलेला असतोच. पाहुणे आले की पझल फळीसकट पलंगाखाली.

चित्र निवडताना निळ्या समुद्राच्या फोटोला भुलू नका. आपल्याला समुद्र काय नवीन आहे? आणि अर्धा डबा एकाच निळ्याचा निघाला की आठवडाभर नुसता वैताग. पहिलं पझल ३०० किंवा ५०० तुकड्यांचं घ्या, ज्यात बाजार, दुकानांच्या पाट्या, रंगीत घरं अशी गर्दी असेल, आपले गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या चित्रात असते तशी. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं मुलांना भूगोल शिकवायला लाकडावर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला, तेही बघा, कुठला तुकडा कुठला ते रेषेवरूनच कळत होतं. निळ्या पाण्यात रेष कुठली शोधणार?

कडा आधी लावतात सगळे, पण एक कडेचा तुकडा मिळत नाही म्हणून तिथेच अडून बसू नका. ४० बाय २५ असं हजाराचं पझल असेल तर कडेचे तुकडे कोपरे धरून १२६ होतात, मोजून बघा, एकदोन कमी असतील तर ते आतल्या ढिगात लपलेत, मिळतील. तोवर लाल छप्पर लावा, पिवळी भिंत लावा.

खरी डोकेदुखी म्हणजे चुकीचा तुकडा बरोबर बसणं. स्वस्त पझलमध्ये हे फार होतं, कान खाचेत जातो, आपण खूश होतो आणि दोन दिवसांनी शेजारचं काहीच जमेना. शंका आली की मोबाईलचा टॉर्च बाजूने आडवा मारा, जोडाशी सावलीची जाड रेघ दिसली तर तो तुकडा तिथला नाही. आणि अंगठ्याने दाबून बसवायचं नाही हो, दाबावा लागतोय म्हणजेच चुकलाय.

आता आपला पाऊस. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, त्या दिवसांत पापड सादळतात तिथे पुठ्ठ्याचं काय घेऊन बसलात! तुकडे फुगतात, खाचा घट्ट होतात, वरचा छापील कागद सुटायला लागतो. माझी चूक अशी की मी ते दुपारच्या उन्हात टाकले, तर सगळे द्रोणासारखे वळले, आणि ड्रायरने कागद आणखीच उचलला. एका थरात पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा, एसी असेल तर उत्तम. सुटलेला कागद दाताच्या काडीने जरासा पांढरा गोंद लावून चिकटवा आणि वर जाड पुस्तक ठेवा. एरवी तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. नवीन डबा फोडला की तुकडे आधी पिठाच्या चाळणीत हलवा, जो भुसा पडतो तो बघून तुम्हीच तोंड वाकडं कराल. फ्रेम करायची असेल तर दिवाळीनंतर करा, पावसात गोंद वाळता वाळत नाही.

एका बैठकीत संपवायचा हट्टही सोडा. आमच्याकडे संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की चहा होतो, चहा झाला की पाचसहा तुकडे, बस्स. जाता येता नवरा एखादा लावून जातो आणि मग दिवसभर तोच सांगत फिरतो. चालतं.

शेवटचा तुकडा हरवला तर आधी केरसुणी झटका, डब्याच्या पुठ्ठ्याच्या घड्या उलगडा, सोफ्याच्या फटीत हात घाला. माझा मिळालाच नाही, मग मी रिकाम्या जागेवर बटर पेपर ठेवून आकार काढला, लग्नपत्रिकेचा जाड कागद कापला आणि मुलीच्या स्केचपेनांनी रंगवला. दिवाळीत नरकासुर जाळायच्या आधीच्या साफसफाईत खरा तुकडा शिलाई मशीनच्या पायट्याखाली मिळाला, पण आता पत्रिकेवाला काढायला मुलगी तयार नाही.