झाडीपट्टीतलं नाटक बघायला जायचं कसं?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, नाटकाचा हंगाम असतो, नाट्यगृह नसतं. आज या गावात मंडप, उद्या त्या गावात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं, आणि तिकीट काढून आलेली माणसं शेवटच्या प्रवेशापर्यंत बसून असतात. तेव्हा नागपूर-पुण्याहून येणाऱ्याने ‘कुठे बघायचं’ हे नंतर विचारावं, आधी ‘कधी’ विचारावं. तारीख चुकली तर गाव सापडूनही उपयोग नाही.

हंगाम ओळखा

भाऊबीज झाली की सुरुवात होते आणि होळीच्या आसपास सगळं आवरतं. हे वेळापत्रक धानाने ठरवलेलं आहे. हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान दिवाळीच्या सुमारास कापून होतो, उशिरा पिकणारा भारी धान त्यानंतर. चुरणे, म्हणजे मळणी होऊन धान विकला की हातात पैसा येतो, रिकाम्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, मंडप टाकायला जागा मिळते आणि रात्र जागायला फुरसतही. अवकाळी पाऊस आला, कापणी लांबली, की नाटकंही पुढे सरकतात. म्हणून महिनाभर आधी ठरवलेल्या तारखेवर विसंबू नका. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घ्या.

पहिल्यांदाच बघत असाल तर डिसेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारी धरा. भाऊबीजेच्या लगेचचे प्रयोग गर्दीचे आणि उत्साहाचे असतात, पण कच्चे असतात. तालमी थोड्या झालेल्या असतात आणि बाहेरून आलेल्या कलाकारांची भिस्त प्रॉम्प्टरवर असते. पुढे बसलात तर वाक्य आधी विंगेतून ऐकू येतं आणि मग नटाच्या तोंडून. पंधरा-वीस प्रयोग झाले की तेच नाटक बसतं, गाण्यांच्या जागा ठरतात, विनोदी नटाला कुठे थांबायचं ते कळतं.

मंडई की शंकरपट?

नाटक सहसा एकटं येत नाही. भंडारा-गोंदियाकडे ते मंडईच्या रात्री असतं, चंद्रपूर-गडचिरोलीकडे बऱ्याचदा शंकरपटाच्या. मंडई म्हणजे एका दिवसाची जत्रा. भाऊबीजेपासून एकेका गावाची मंडई लागत जाते. घरोघरी पाहुणे येतात, सोयरिकीची बोलणी निघतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जिलेबी, आलूबोंडे, ऊस आणि उकडलेल्या शिंगाड्यांची दुकानं बसतात. शिंगाडे घ्याच, ते इथल्याच तलावांतले असतात.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला, तेव्हापासून पट पुन्हा भरू लागले आहेत. पटाच्या मोठ्या गावात एकाच रात्री दोन-तीन नाटकंही लागतात. ऐकायला हे छान वाटतं, पण नवख्याने असं गाव टाळावं. एका मंडपातला भोंगा दुसऱ्यात ऐकू येतो, गर्दी वाटली जाते, आणि मध्येच उठून दुसरीकडे डोकावणाऱ्यांची ये-जा रात्रभर चालते. एकच नाटक असलेलं मध्यम गाव बरं.

पत्ता काढा तो वडशात

गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, कागदोपत्री देसाईगंज, हे या धंद्याचं मुख्य ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथे आहेत. हंगामात गावोगावच्या मंडळांची माणसं इथेच येऊन नाटक ठरवतात, बयाणा, म्हणजे आगाऊ रक्कम देतात. कोणत्याही कार्यालयात जाऊन ‘या आठवड्यात तुमचे प्रयोग कुठे कुठे आहेत’ असं सरळ विचारा. लावलेल्या तारखांची वही पुढ्यातच असते. हंगामात कंपनी जवळजवळ रोज रात्री कुठेतरी असते, त्यामुळे दोन-तीन दिवस हाताशी असले तर नाटक मिळणार नाही असं होत नाही.

वडसा स्टेशन गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर आहे. नागपूरहून रस्त्याने उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असं करत वैनगंगा ओलांडली की वडसा. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. मुक्कामाला वडसा, ब्रह्मपुरी, आरमोरी यांपैकी एक गाव धरा. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडची नाटकं बघायची असतील तर साकोलीच सोयीचं.

पत्रक नीट वाचा

पानटपरीवर, बसस्टँडच्या भिंतीवर नाटकाची पत्रकं चिकटवलेली असतात, आता व्हॉट्सॲपवरही फिरतात. त्यात वर मोठ्या अक्षरांत नाटकाचं नाव, त्याखाली उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष आणि प्रमुख पाहुण्यांची लांब यादी. ती यादी जितकी लांब, तितकं नाटक उशिरा सुरू होणार. नऊची वेळ असेल आणि दहा-बारा पाहुणे छापले असतील, तर पडदा साडेदहाच्या आत उघडत नाही असं धरून चला.

मधला भाग कलाकारांचा. मुंबई-पुण्याच्या नट्यांचे फोटो मोठे असतात, पण बघायचं ते खाली, बारीक अक्षरांत: ऑर्गन कोणाचा, तबला-ढोलक कोणाकडे, गायक नट कोण, विनोदी भूमिकेत कोण. इथल्या नाटकात गाणं नट स्वतः गातो, ऑर्गन-तबल्यावर, तिथल्या तिथे. संगत कच्ची असेल तर तीन अंकांची रात्र जड जाते. गावातल्या जाणत्या माणसाला नाटकाचं नाव सांगू नका, ऑर्गनवाल्याचं नाव सांगा आणि त्याचा चेहरा बघा. निर्णय तिथेच होतो.

पत्रकावर ‘लावणी’ किंवा ‘डान्स’ ठळक असेल तर मध्ये मध्ये नाचगाणी जास्त असणार. काहींना तेच हवं असतं. कथा बघायची असेल तर ‘तीन अंकी संगीत’ असं सरळ छापलेलं नाटक निवडा. शेती, दारू, हुंडा, भावाभावांतली वाटणी हे नेहमीचे विषय. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांची ओळख विनोदी भूमिकांसाठीही मोठी आहे, आणि विनोदी नटाला इथे किती मान आहे हे त्यावरून कळावं.

सोबत काय न्यायचं

डिसेंबर-जानेवारीत या भागात पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. मंडप वरून कापडाचा आणि बाजूने अर्धा उघडा असतो. संध्याकाळी स्वेटर पुरेसं वाटतं, पण रात्री दोननंतर दव पडू लागतं आणि जमिनीतून गारवा चढतो. म्हणून:

- अंगावर घ्यायला जाड चादर किंवा ब्लँकेट माणशी एक, खाली अंथरायला दरी किंवा जाड सतरंजी वेगळी. एकच आणून निम्मी खाली, निम्मी वर, असं करू नका. खालचा भाग ओला होतो.
- कानटोपी आणि मोजे. स्वेटरपेक्षा यांचा उपयोग जास्त होतो.
- टॉर्च. मंडपाबाहेर बांधीचे धुरे (बांध) आणि दोरखंडाच्या खुंट्या अंधारात दिसत नाहीत.
- सुट्टे पैसे. तिकीट खिडकीवर पाचशेच्या नोटेवरून रांग अडते, आणि गर्दीत मोबाईलची रेंज जाते तेव्हा ऑनलाइन पैसे भरता येत नाहीत.
- पाण्याची बाटली. चहा-भजे बाहेर मिळतात.

लहान मुलं असतील तर ती बारा वाजता झोपणार हे धरून त्यांचं अंथरूण वेगळं घ्या.

जागा कशी धरायची

तिकिटं साधारण दोन प्रकारची, खुर्चीचं आणि जमिनीवरचं. खुर्ची महाग असते, आणि पहिल्यांदा येणारा तीच घेतो. पण जमिनीवरचे लोक पुढे बसतात. चेहरे, ऑर्गनवाल्याचे हात, नट आणि वादक यांच्यातले इशारे बघायचे असतील तर जमीनच बरी. गुडघे दुखत असतील तर मात्र हट्ट नको. बायकांची बाजू बऱ्याच गावांत वेगळी असते. कुटुंबाने जात असाल तर दारातच विचारून घ्या.

जमिनीवर बसताना तीन गोष्टी बघा. मंडपाचा खांब समोर नको. भोंग्याच्या पेटीपासून वीस-पंचवीस फूट लांब राहा, नाहीतर ऑक्टोपॅडचा प्रत्येक ठोका छातीत बसतो आणि शब्द कळत नाहीत. आणि वादक मंचाच्या अगदी पुढ्यात बसतात, तेव्हा त्यांच्या नेमकं मागे बसू नका. त्यांची डोकी आणि ऑर्गन आडवे येतात. मधोमध, सातव्या-आठव्या रांगेच्या आसपासची जागा उत्तम. मंचाच्या वर टांगलेले माईक मधल्या भागातला आवाज नीट पकडतात, कडेला गेलेल्या नटाचा निम्मा संवाद हरवतो. तो हरवला तरी वैतागू नका, महत्त्वाचं वाक्य नट माईकखाली येऊनच टाकतो.

आठ-साडेआठला पोचून सतरंजी टाका आणि एकाला तिथे बसवून बाकीचे जेवून या. रिकामी सतरंजी टाकून सगळेच गेलात तर परत आल्यावर तिच्यावर दुसरं घर बसलेलं असेल.

रात्र कशी जाते

आधी उद्घाटनाची भाषणं. मग नांदी, आणि पहिला अंक, ज्यात सगळ्या पात्रांची ओळख होते. तो थोडा लांबतो, त्यावरून नाटक पारखू नका. दुसऱ्या अंकात विनोदी नट पूर्ण मोकळा सुटतो. नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात आणि हा इथल्या झाडीबोलीत त्यांची टर उडवतो. बाहेरच्या माणसाला सुरुवातीला चार शब्द निसटतात. शेजारच्याला विचारा, तो आनंदाने सांगतो, कधी कधी पुढची गोष्टही सांगून टाकतो.

गाणं रंगलं की ‘वन्स मोर’ येतो आणि नट खरोखर पुन्हा गातो. कोणी खूश होऊन बक्षीस दिलं तर नाव माईकवरून पुकारतात. तुम्हीही देऊ शकता, पण नटाच्या हातात नेऊन देऊ नका; मंडळाच्या माणसाकडे चिठ्ठीसह द्या. मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा आणि अख्खं नाटक चित्रित करू नका. एकच नाटक हंगामभर विकून कंपनीचं पोट भरतं, ते आधीच मोबाईलवर फिरलं की पुढच्या गावची तिकिटं पडतात. नाचगाण्याच्या वेळी शिट्ट्या होतात, क्वचित धक्काबुक्की. ती मागच्या आणि कडेच्या उभ्या गर्दीत होते, बसलेल्यांपर्यंत येत नाही.

झोप येते ती तीनच्या सुमारास, नेमकी तिसऱ्या अंकाच्या तोंडावर. तेव्हा बाहेर जाऊन चहा घ्या, पण परत या. करुण प्रसंग आणि सगळ्यात चांगली गाणी इथे राखून ठेवलेली असतात.

दिवसाही रिकामे बसू नका

मंडईच्या दिवशी दुपारीच गावात पोचलात तर दंडार (नाच-गाण्याचं लोकनाट्य) आणि खडी गंमत पदरात पडते, तीही बिनतिकिटाची. खडी गंमतीत शाहीर, ढोलकवाला, तुणतुणेवाला सगळे उभ्यानेच गातात-वाजवतात, नाच्या लुगडं नेसून मध्ये फिरतो, आणि बघणारे चारी बाजूंनी गोल करतात. ‘दुय्यम’ असं पुकारलं तर दोन पार्ट्या समोरासमोर आहेत असं समजा. सवाल-जवाब ऐकायला तिथेच थांबा.

परत कसं यायचं

रात्री एसटी नसते. स्वतःच्या गाडीने गेलात तरी नाटक सुटताच निघू नका. ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, सिंदेवाही या पट्ट्यात रस्ते जंगलातून जातात आणि वाघांचा वावर खरा आहे. गडचिरोली-गोंदियाच्या काही भागांत २०२१ पासून रानटी हत्तींचा कळपही फिरतो. मोटरसायकलने तर उजाडल्याशिवाय मुळीच नाही. त्यापेक्षा मोठं कारण झोपेचं. रात्रभर जागलेला चालक, धुकं, आणि धान भरून उभा असलेला बिनदिव्याचा ट्रॅक्टर, अपघात होतात ते यातून. मंडपात तासभर आडवे व्हा, सातनंतर निघा. गावात ओळख नसली तरी मंडळाच्या माणसाला आधी सांगून ठेवलं तर कोणाच्या तरी ओसरीवर जागा मिळते.

निघण्याआधी कंपनीच्या मॅनेजरला उद्याचा प्रयोग कोणत्या गावी आहे ते विचारून घ्या. सामान गाडीत चढवताना तो भेटतो, आणि वडशाला परत जाण्यापेक्षा ते सोपं पडतं.