जुनी फोर-बाय-फोर विकताना: आरसीवरचं नाव बदलेपर्यंतचे कागद

पैसे खात्यात आले, चावी दिली, जीप फाटकाबाहेर गेली, की विक्री झाली असं बहुतेकांना वाटतं. मोटार वाहन कायद्याच्या लेखी मात्र आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ज्याचं नाव, तोच मालक. २००७ साली विकलेल्या एका मोटारीचा २००९ मध्ये अपघात झाला. मधल्या काळात ती आणखी काही हातांतून फिरली, पण कुणीच ती नावावर करून घेतली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या त्या पहिल्याच मालकावर टाकली. त्याने गाडी सोडून दोन वर्षं होत आली होती.

थार, जिप्सी, गुरखा, जुनी मेजर या फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) गाड्यांच्या बाबतीत ही काळजी आणखी जास्त घ्यावी लागते. या गाड्या नदीपात्रात उतरतात, वनहद्दीत शिरतात, रेतीच्या वाहतुकीतही सापडतात. तिथे जप्ती झाली तर नोटीस आरसीवरच्या पत्त्यावर येते. म्हणून इथे जे काही सांगितलं आहे, ते गाडी खरेदीदाराच्या नावावर चढेपर्यंत नेण्यासाठी.

जाहिरात देण्याआधी गाडी आणि आरसी समोरासमोर ठेवा

आरसी हातात घेऊन गाडीजवळ बसा आणि चासी क्रमांक एक एक आकडा ताडून पाहा. जुन्या जीपमध्ये तो बहुधा पुढच्या चाकाजवळ फ्रेमच्या पट्टीवर ठोकलेला असतो आणि चिखल, गंज, अंडरकोटिंग यांखाली गेलेला असतो. केरोसीनमध्ये भिजवलेल्या चिंधीने आणि मऊ ब्रशने जागा साफ करा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. आकड्यांची कड घासली गेली की खोडाखोड केल्याचा संशय येतो आणि तो निस्तरायला महिने लागतात. जागा कोरडी झाली की पातळ कागद घट्ट धरून त्यावर पेन्सिल आडवी फिरवा. सगळे अक्षर-आकडे स्वच्छ उठले पाहिजेत. हाच चासी प्रिंट पुढे अर्जाला लागतो. एकाच बैठकीत चार-पाच काढून ठेवा.

इंजिन क्रमांक नीट पाहा, कारण जुन्या जीपचे व्यवहार सर्वांत जास्त इथेच फसतात. मूळ इंजिन थकलं म्हणून कधीतरी दुसरं बसवलेलं असतं, पेट्रोलच्या जागी डिझेल आलेलं असतं आणि आरसीवर मात्र जुनाच क्रमांक आणि जुनंच इंधन असतं. अशा गाडीवर विम्याचा दावा अडकतो आणि तपासणीत गाडी नापास होते. आधी आरटीओत बदलाची नोंद करून घ्या. त्यासाठी बसवलेल्या इंजिनाचं बिल लागतं. बिल नसेल तर खरेदीदाराला पहिल्याच फोनवर सांगा. गाडी बघायला आल्यावर त्याला कळलं, तर भाव तर पडतोच, शिवाय तो बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

मॉडिफिकेशनचंही असंच. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असं कायद्याचं कलम ५२ सांगतं आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. लोखंडी बुलबार, चाकाच्या कमानीबाहेर येणारे टायर, सॉफ्टटॉपच्या जागी बसवलेला हार्डटॉप, वाढवलेल्या सीट, आरसीवर न नोंदलेला रंग या गोष्टी तपासणीच्या वेळी डोळ्यांवर येतात. मूळ बंपर आणि टायर घरात पडून असतील तर ते गाडीबरोबर द्या. खरेदीदाराला त्यांची किंमत कळते.

त्यानंतर परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून चार गोष्टी बघा: नोंदणीची मुदत, बोजा (आरसीवर नोंदलेलं कर्ज), ब्लॅकलिस्ट आणि तुमचा मोबाइल क्रमांक. मोबाइल जुना असेल तर तो आधी बदला, कारण पुढचे सगळे ओटीपी त्यावरच येणार आहेत. ई-चलान भरून टाका. एखादं चलान चुकीचं वाटत असेल तर तक्रार आताच करा, ऐन व्यवहाराच्या दिवशी नको. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटी बसवलेली नसेल तर ती बसवून घ्या, नाहीतर नाव बदलण्याचं काम पुढे सरकत नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. मुदत संपायला आली असेल तर फॉर्म २५ भरून नूतनीकरण करा. हा अर्ज मुदतीआधी ६० दिवसांपर्यंत करता येतो. हलक्या मोटारीसाठी शुल्क ५,००० रुपये आहे. गाडीला २० वर्षं उलटली असतील तर ऑगस्ट २०२५ पासून ते १०,००० झालं आहे. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. मुदत संपलेली गाडी ‘आहे तशी’ विकता येते खरी, पण मग नूतनीकरण कोण करणार आणि खर्च कोणाचा, हे करारात लिहिलेलं असायला हवं.

बोजा

गाडीवर कधीकाळी कर्ज होतं आणि ते फिटलं, एवढ्याने आरसीवरचा बोजा उतरत नाही. बँकेकडून ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (दोन प्रती) घ्या आणि आरटीओत बोजा उतरवा. बँकेच्या पत्राला बहुधा तीन महिन्यांची मुदत असते. दहा वर्षांपूर्वीचं पत्र कपाटात सापडलं तरी नवं मागावंच लागतं. कर्ज चालू असेल तर खरेदीदाराने विक्रीची रक्कम थेट कर्जखात्यात भरावी आणि बँकेने खातं बंद केल्याचं पत्र द्यावं. दोघांनाही सुरक्षित असा हाच मार्ग.

टीटीचे फॉर्म

टीटी म्हणजे आरसीवरचं मालकाचं नाव बदलणं. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर मुख्य फॉर्म दोनच. फॉर्म २९ ही विकणाऱ्याने आरटीओला द्यायची सूचना. ती दोन प्रतींत असते आणि आरसीत नोंद झाल्यावर आरटीओच्या शेऱ्यासह दुसरी प्रत विकणाऱ्याला परत मिळायची असते. ती मागून घ्या. बरेच जण घेत नाहीत, आणि पुढे समन्स आलं की दाखवायला हातात काही नसतं. फॉर्म ३० वर दोघांच्याही सह्या लागतात. खरेदीदार कर्ज काढून गाडी घेत असेल तर याच्याही दोन प्रती करा. विकणाऱ्याने विक्रीपासून १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत कळवायचं असतं.

सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, चासी प्रिंट, दोघांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो आणि पॅन जोडा. पॅन नसेल तर फॉर्म ६०. आरसी हरवली असेल तर आधी पोलिसांत तक्रार, मग फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत. सही आरसी काढताना केली होती तशीच करा. वीस वर्षांत सही बदललेली असते आणि अर्ज त्यावरून परत येतो.

कोऱ्या टीटी फॉर्मवर सही करून देऊ नका. ‘नाव, तारीख नंतर भरतो, आता फक्त सह्या द्या’ असं जो म्हणतो, त्याला गाडी स्वतःच्या नावावर करायचीच नसते. तिसरं गिऱ्हाईक शोधून विकायची असते. तोवर ती तुमच्याच नावावर फिरते. एजंटमार्फत काम करायला हरकत नाही, पण फॉर्मवर खरेदीदाराचं पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख भरल्यावरच सही करा, आणि लगेच फोटो काढून ठेवा. आधारचा ओटीपी फोनवरून कुणालाही सांगू नका, अर्ज समोर उघडून तो स्वतः टाका. आधी फॉर्म २९ आणि ३० भरलेले, मग गाडीचा ताबा, हा क्रम सोडू नका.

गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ भरून आरटीओची एनओसी घ्यावी लागते. कर, चलान, बोजा यांतलं काहीही बाकी असेल तर ती मिळत नाही. एनओसी निघाली म्हणजे नाव बदललं असं नाही. तिकडच्या आरटीओत नोंद होईपर्यंत मालक तुम्हीच, म्हणून नव्या आरसीची प्रत मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. मूळ मालक हयात नसेल तर वारसाने आधी फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करावी आणि मगच विकावी. पिवळ्या पाटीची गाडी असेल तर परमिट आणि फिटनेस यांचा प्रश्न आधी मिटवा.

विसार, करार, ताबा पावती

विसार (आगाऊ रक्कम) घेताना छोटी पावती करा: रक्कम, उरलेली रक्कम किती दिवसांत, आणि व्यवहार मोडला तर विसाराचं काय. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर प्राप्तिकर कायद्याप्रमाणे घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि इथे घेणारे तुम्ही आहात. पैसे बँकेतूनच घ्या. ट्रान्सफरचा स्क्रीनशॉट पुरेसा मानू नका, रक्कम खात्यात दिसली पाहिजे.

करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, दोन साक्षीदारांसह करा. त्यातला सगळ्यांत उपयोगी भाग ताब्याचा. तो असा लिहा: ‘वाहन क्रमांक …, चासी क्रमांक …, इंजिन क्रमांक …, मीटर रीडिंग … किमी, हे वाहन दिनांक … रोजी … वाजून … मिनिटांनी खरेदीदाराच्या ताब्यात दिले. यानंतरचे अपघात, दंड, जप्ती व गुन्हे यांची जबाबदारी खरेदीदाराची राहील. खरेदीदार ३० दिवसांत वाहन स्वतःच्या नावे करील.’ वेळ मिनिटासकट लिहा, कारण त्याच संध्याकाळी कॅमेऱ्याने चलान फाडलं तर ते कोणाचं हे त्यावरूनच ठरतं. हा करार अपघातग्रस्ताच्या दाव्यातून तुम्हाला सोडवत नाही, पण भरावी लागलेली रक्कम खरेदीदाराकडून वसूल करायला आधार देतो. लॉकिंग हब, विंच, वेगळी बसवलेली ट्रान्सफर केस यांत काही दोष माहीत असेल तर तोही इथेच लिहा. फोर-लो (चढावर लागणारा कमी वेगाचा) गिअर पडत नाही हे लिहून दिलं असेल, तर पहिल्याच चढावरून तुम्हाला फोन येणार नाही.

ताबा देताना विमा रद्द करू नका. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर जातो, पण खरेदीदाराने १४ दिवसांत कंपनीला कळवायला हवं. नो क्लेम बोनस मात्र तुमचा. कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र घ्या, नव्या गाडीसाठी तीन वर्षांपर्यंत ते चालतं. फास्टॅग बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल आणि नव्या मालकालाही स्वतःचा टॅग घेता येणार नाही. मोबाइल ॲपशी जोडलेली गाडी असेल तर ॲपमधून ती काढून टाका.

आरसीच नसलेल्या गाड्या

फार्महाउसवर फिरणाऱ्या बहुतेक एटीव्ही (हँडलच्या चारचाकी) आणि साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीटच्या) गाड्यांची आरटीओत नोंदणीच नसते, म्हणून टीटीचा प्रश्नही नसतो. इथे मालकी सिद्ध होते ती मूळ बिलावरून. गाडी आयात केलेली असेल तर सीमाशुल्काच्या बिल ऑफ एन्ट्रीवरूनही. बिलावरचा क्रमांक फ्रेमवरच्या क्रमांकाशी जुळवा आणि मूळ बिल कराराला जोडा. करारात स्पष्ट लिहा की वाहन नोंदणीकृत नाही, सार्वजनिक रस्त्यावर चालवता येणार नाही आणि खरेदीदार ते ट्रकवर घालून नेईल. तुमच्या फाटकातून ती चालवत न्यायला देऊ नका. ट्रॅक्टर म्हणून नोंदलेली एटीव्ही असेल तर तिला मात्र वरचे सगळे फॉर्म लागतात.

लष्कराच्या लिलावातून आलेली जीप किंवा जोंगा असेल तर लिलावाचं विक्रीपत्र आणि गाडी सोडल्याचा कागद मूळ स्वरूपात हवा. ते दोन्ही नसतील आणि नागरी नोंदणीही नसेल, तर ती गाडी म्हणून विकू नका, सुटे भाग म्हणून विका आणि पावतीवर तसं लिहा.

ताबा दिल्यावर पाचव्या आठवड्यात परिवहनवर गाडीचा क्रमांक टाकून बघा. तुमचंच नाव दिसत असेल तर खरेदीदाराला लेखी आठवण पाठवा आणि करार, ताबा पावती, फॉर्म २९ यांच्या प्रती जोडून आरटीओत अर्ज द्या, पोच घ्या. नवं नाव दिसलं की त्या पानाची प्रत काढा आणि कराराबरोबर फाइलला लावा.