जुना मोहल्ला वाचवायचा तर आधी गल्लीची रेषा तपासा

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात रस्ता रुंद होताना मशीद सहसा वाचते. जातात ती तिच्याभोवतीची घरं. म्हणून सुरुवात विकास आराखड्यापासून करा. महापालिकेच्या नगररचना विभागातून आराखड्याचा भाग नकाशा घ्या आणि रस्ता रुंदीकरणाची रेषा कोणत्या ओसरीतून जाते ते घरोघर फिरून नोंदवा. प्रारूप आराखडा १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली प्रसिद्ध झाला, की दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या. सिटी सर्व्हे नंबर, फोटो आणि घराचा नकाशा जोडा. ‘आमचा वारसा वाचवा’ एवढंच लिहिलेल्या अर्जाला सुनावणीत वजन नसतं. मागणी एकट्या इमारतीसाठी न करता संपूर्ण परिसर वारसा यादीत घेण्याची करा.

मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या वक्फ नोंदी, म्हणजे धर्मकार्यासाठी दिलेल्या मालमत्तेच्या नोंदी, मुतवल्लीकडून, म्हणजे तिच्या व्यवस्थापकाकडून, आधीच तपासून घ्या. हद्दीचा वाद ऐन वेळी निघाला, की सगळं अडतं.

आता भिंती. जुन्या विटा चुन्यात बसवलेल्या असतात. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, की ओल आत कोंडते, क्षार विटेतच साचतात आणि दोन-चार पावसाळ्यांत विटेचा पापुद्रा गिलाव्यासकट सुटतो. दोष मात्र जुन्या विटेला दिला जातो!

दुरुस्ती अशी करा. ओल कुठून येते ते आधी शोधा. बहुधा फुटका पन्हाळ किंवा उंच झालेला रस्ता. सांधे २० मिमी खोल खरवडून पाणी मारा. चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, पाण्यात टाका, चुनकळीवर पाणी ओतू नका. ती उसळते, डोळे जातात. विरलेला चुना किमान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्या. मग एक भाग चुना, तीन भाग चाळलेली धारदार वाळू. थर १० मिमीच्या आसपास ठेवा. जाड थराला भेगा पडतात. आठवडाभर ओल्या गोणपाटाने झाका. भर उन्हात काम काढू नका.

मजला चढवताना खिडकी शेजाऱ्याच्या अंगणावर उघडू नका. अंगणातला पडदा गेला, की बायकांचा वावर थांबतो आणि कुटुंब फ्लॅट शोधू लागतं. खिडकी गल्लीच्या बाजूला घ्या, नाहीतर जाळी बसवा.

गटार खोदण्याआधी नहर-ए-अंबरीचा, म्हणजे शहराच्या जुन्या भूमिगत पाणीवाहिनीचा, मार्ग जाणत्यांकडून खडूने आखून घ्या. मलिक अंबरच्या काळचे मातीचे नळ जेसीबीच्या एका फटक्यात फुटतात.