जुन्या लहान इंजिनात ॲडिटिव्ह टाकताय? आधी मोजून बघा

हंगाम संपला, फवारणी पंप, ब्रश कटर, पाणी ओढायचे इंजिन आणि पॉवर टिलर उभे राहिले, की इंधनाची व ऑइलची ॲडिटिव्ह, म्हणजे त्यांत थोडी मिसळायची बाटलीतली द्रव्ये, तपासून बघायला सवड मिळते. कामाच्या भरात बाटली ओतू नका. तेव्हा प्लग, पेट्रोल, हवा, भार सगळेच बदलत असते, त्यामुळे फरक कशाने पडला ते कळत नाही. इंजिन अडकले तर फवारणीचे दिवस जातात ते वेगळेच.

पहिले काम म्हणजे इंजिन मूळ मापावर आणणे. एअर फिल्टर साफ करा, नवा प्लग बसवा, कार्बोरेटरचा बाऊल (पेट्रोल साठणारी वाटी) आणि जेट (बारीक भोकातून पेट्रोल सोडणारा भाग) काढून धुवा. जेटच्या भोकात तार घालू नका, भोक किंचित मोठे झाले तरी पेट्रोल-हवेचे मिश्रण कायमचे बिघडते. टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजच्या पट्टीने घ्या. वर व्हॉल्व्ह असलेल्या अनेक लहान फोर-स्ट्रोक इंजिनांत इनलेट ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी आणि प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी असतो. पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर तेच धरा. ॲडिटिव्हने गेली असे वाटणारी बरीचशी दुखणी इथेच बरी होतात.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने बघा. दोरीने चालू होणाऱ्या बऱ्याच इंजिनांत कॅमवरच दाब सोडणारी यंत्रणा असते, त्यामुळे गेजवरचा आकडा कमी दिसतो. त्याची तुलना फक्त त्याच इंजिनाच्या जुन्या आकड्याशी करा. फोर-स्ट्रोकमध्ये प्लगच्या भोकातून ५ मिलि ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजला आहे. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघा. झिजलेले लोखंड कोणतीही बाटली भरून काढत नाही.

ॲडिटिव्ह टाकीत जाण्याआधी काचेच्या बाटलीत जाऊ द्या. लेबलवरच्या प्रमाणात इंधनात मिसळा आणि २४ तास ठेवा. गढूळपणा, दोन थर किंवा तळाला साका दिसला तर ते त्या इंधनात वापरू नका. दुसऱ्या बाटलीत इंधनाच्या जुन्या नळीचा तुकडा आणि एखादे जुने डायाफ्राम (कार्बोरेटरमधला रबरी पडदा) किंवा ओ-रिंग याच मिश्रणात आठवडाभर बुडवा, तिसऱ्या बाटलीत तसेच तुकडे नुसत्या पेट्रोलमध्ये. मिश्रणातले रबर जास्त फुगले, चिकट झाले किंवा वाकवल्यावर चिरले तर ते ॲडिटिव्ह जुन्या कार्बोरेटरसाठी नाही. ॲसिटोनसारखे तीव्र सॉल्व्हंट असलेल्या बाटल्यांबाबत हे घडू शकते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती तेही पाहून घ्या. १०० मिलिच्या मापाच्या नळकांड्यात १० मिलि पाणी आणि ९० मिलि पेट्रोल घालून हलवा, दहा मिनिटे स्थिर ठेवा. खालचा थर १९ मिलिच्या आसपास आला तर इथेनॉल साधारण १० टक्के आहे. इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, म्हणूनच जुने इंजिन कमी गतीला वर-खाली होत राहते. त्यावर उपाय कार्बोरेटरच्या सेटिंगमध्ये किंवा जेटमध्ये आहे. चाचणीचे पेट्रोल पुन्हा टाकीत घालू नका.

खरी परीक्षा भारावर. पाण्याचे इंजिन असेल तर सोपे आहे: हौदातून पाणी ओढून त्याच हौदात सोडा, म्हणजे उचल बदलत नाही. टाकीचा कॉक बंद करून, गार इंजिनावर, मापाच्या खुणा असलेली पेट्रोलला चालणारी बाटली टाकीच्याच उंचीवर आणि सायलेन्सरपासून लांब पक्की बांधा. इंजिन १५ मिनिटे तापवा, थ्रॉटल एका जागी ठेवा. २०० मिलि पेट्रोल किती सेकंदांत संपते ते लिहा. पाइप थोडा वेळ २०० लिटरच्या ड्रममध्ये धरून ड्रम भरायला लागलेली वेळही लिहा. साध्या पेट्रोलवर तीन वेळा, ॲडिटिव्हसह तीन वेळा, मग पुन्हा साध्यावर तीन वेळा. इंधन बदलताना इंजिन बंद करून गार होऊ द्या, बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडून जुने काढा आणि नव्यावर दहा मिनिटे चालवून मगच मोजा.

हा तिसरा टप्पा लोक गाळतात, आणि फसतात तिथेच. सकाळपासून दुपारपर्यंत हवा तापते, तेवढ्यानेही आकडे सरकतात. साध्या पेट्रोलच्या आकड्यांतच ४ टक्के फरक पडत असेल, तर ॲडिटिव्हने दिसलेल्या ३ टक्के बचतीला काही अर्थ नाही.

कार्बन काढणाऱ्या ॲडिटिव्हला मात्र ही पद्धत पुरत नाही, कारण त्याचे काम हळू चालते आणि परिणाम मागे राहतो. पिस्टनचा माथा प्लगच्या भोकातून टॉर्च लावून बघा, फोटो काढा, दोन-तीन टाक्या चालवून पुन्हा बघा. पॉलिइथरअमाइन असलेली द्रव्ये इनलेट व्हॉल्व्ह आणि ज्वलनकक्ष खरोखर साफ करतात. त्यांचा काही भाग रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतो, म्हणून उपचार संपल्यावर ऑइल बदला. पूर्ण बंद झालेले जेट त्यांनी उघडत नाही, ते काढूनच धुवावे लागते.

ऑक्टेन (ठोके न पडता जळण्याची पेट्रोलची क्षमता) वाढवणाऱ्या बाटलीचा कमी कॉम्प्रेशनच्या जुन्या इंजिनाला उपयोग नाही. त्यातल्या काहींत मँगनीज किंवा लोहाची संयुगे असतात, प्लगवर तांबूस थर बसतो आणि ठिणगी चुकते. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातल्या, मऊ व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्याच्या) इंजिनाची गोष्ट वेगळी. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप मोजा, ५० तास भारावर चालवून पुन्हा मोजा. गॅप कमी झाला असेल तर सीट खचते आहे. अशा वेळी सीट वाचवणारे ॲडिटिव्ह कामाचे आहे, कठीण सीट बसवणे त्याहून चांगले.

टू-स्ट्रोकमध्ये ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलि ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिलि. जास्त ऑइल घातले की इंजिन सुरक्षित, हा समज काढून टाका. ऑइल वाढले की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जाते, मिश्रण पातळ होते आणि एक्झॉस्टचे तोंड कार्बनने भरते. ॲडिटिव्हचे प्रमाण १:१००० असेल तर ३ लिटरच्या टाकीला फक्त ३ मिलि लागते. झाकणाने अंदाजे ओतू नका, सिरिंज वापरा.

ऑइलच्या ॲडिटिव्हबाबत आम्ही कडक आहोत. बऱ्याच लहान इंजिनांत ऑइल पंप नसतो, फिल्टरही नसतो, आत फिरणारा चमच्यासारखा भाग ऑइल उडवतो तेवढेच वंगण. फ्लशिंगच्या द्रव्याने सुटलेला गाळ अडवायला काही नसते, तो थेट बेअरिंगवर जातो. टेफ्लॉनसारखी घन पूड तळाला बसू शकते. ऑइल घट्ट करणारे द्रव्य धूर आणि आवाज लपवते, पण गार इंजिनात ऑइल नीट उडत नाही. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर घर्षण कमी करणारे काहीही घालू नका, क्लच घसरेल. तरीही बघायचेच असेल, तर आधी नुसत्या नव्या ऑइलवर २० तासांत डिपस्टिक किती उतरते ते नोंदवा, मग ॲडिटिव्हसह तितकेच तास. मोजताना इंजिन सपाट जागी, बंद करून दहा मिनिटे झालेली असावीत.

डिझेल इंजिनात आधी टाकीच्या तळाचे पाणी काढा, त्याच पाण्यात जंतूंचा चिकट गाळ वाढतो. सीटेन (डिझेल चटकन पेट घेण्याचा गुण) वाढवणाऱ्या द्रव्याचा उपयोग झाला तर तो गार सुरुवातीच्या पांढऱ्या धुरात दिसेल, तिथेच शोधा. डिझेलमध्ये पेट्रोल कधीही मिसळू नका. आगीचा धोका वाढतो आणि पंपाचे वंगण कमी होते.

यंत्र महिनाभराहून जास्त उभे राहणार असेल तर स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळे होऊ न देणारे द्रव्य) उपयोगी आहे, पण फक्त ताज्या पेट्रोलमध्ये. शिळे पेट्रोल त्याने ताजे होत नाही. मोजून मिसळा, इंजिन दहा मिनिटे चालवा म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचेल, आणि टाकी जवळपास भरून झाकण घट्ट लावा. डायाफ्रामचा कार्बोरेटर असलेल्या ब्रश कटरची टाकी मात्र रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.